पावसाला नावं ठेवू नका

आमच्या नातेपुत्यात पावसाविषयी कुणी कुरकुर करत नाही. पाऊस लग्नात आला, बाजारच्या दिवशी आला, धुणं वाळत घातल्यावर आला, तरी म्हातारी माणसं आभाळाकडं बघून हात जोडतात आणि म्हणतात, ‘येऊ द्या, घरचाच पाहुणा आहे.’ सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, माळशिरस तालुक्यात, पुणे-पंढरपूर रस्त्यावर वसलेलं हे गाव. माउलींची पालखी बरडचा मुक्काम उरकून धर्मपुरीजवळ आमच्या जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला तिचा पहिला मुक्काम नातेपुत्याला पडतो. सह्याद्री मोसमी पावसाचा मोठा वाटा घाटमाथ्यावरच उतरवून घेतो. आमच्या पदरात पडतो तो मे महिन्यातला वळीव आणि सप्टेंबरातला परतीचा पाऊस. अशा मुलखातल्या माणसानं ‘पावसाच्या पाण्यापासून मोटारीची ठिणगी कशी वाचवावी’ या विषयावर बोलावं, याचं तुम्हाला हसू येईल. पण कोरड्या मुलखातच हा प्रश्न अधिक नीट कळतो, असं माझं मत आहे. ते मत कसं बनलं, तेच आज सांगणार आहे.

माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, पंढरपूर रस्त्याला लागून गॅरेज चालवत. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक खड्डा आणि लिंबाचं एक झाड. मालक आण्णा असले तरी तिथली सत्ता उस्तादांची होती. उस्ताद दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी जीप आणि ट्रक दुरुस्त केले होते. शाळा चौथीपर्यंत, पण इंजिनाला कान लावून दुखणं सांगायचे.

१९७२ च्या दुष्काळानंतरचा तो पावसाळा. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आदल्या वर्षी गावातली निम्मी माणसं खडी फोडायच्या कामावर होती, आम्ही पोरं शाळेत सुकडी खात होतो. त्यामुळे १९७३ च्या सप्टेंबरात जेव्हा महादेवाच्या डोंगराकडून काळं आभाळ उठलं आणि ओढे वाहायला लागले, तेव्हा सगळं गाव भिजत रस्त्यावर उभं होतं. नेमक्या त्या संध्याकाळी पुण्याकडून एक लाल रंगाची, बुटकी, दोन सीटांची, कापडी छताची विलायती स्पोर्ट्स कार आली. असली गाडी आम्ही फक्त सिनेमात बघितली होती. चालवणारे पुण्याचे एक डॉक्टर होते. शेजारी त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी.

गावापुढच्या ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता, फरशी होती. फरशीवरून गुडघ्याच्या आत पाणी चाललं होतं. डॉक्टरांच्या पुढं असलेली एस.टी. त्या पाण्यातून निवांत पलीकडं गेली. डॉक्टरांनी विचार केला, एवढी मोठी गाडी गेली, तर आपली का जाणार नाही? आणि त्यांनी गाडी घातली.

मधोमध गेल्यावर इंजिनानं दोन-तीन आचके दिले आणि ते थांबलं. डॉक्टर किल्ली फिरवत राहिले. इंजिन नुसतं फिरे, पेटायचं नाव नाही. डोंगराकडून लोंढा वाढत होता. बुटक्या गाडीत पाणी सीटला लागलं, तेव्हा पोरगी रडायला लागली. काठावरच्या एका शेतकऱ्यानं तिला खांद्यावर घेऊन बाहेर आणलं, मग दुष्काळात छावणीत जगवलेली आपली बैलजोडी आणली आणि दावं बांधून गाडी ओढून काढली. पाऊण तासानं त्या फरशीवरून कंबरभर पाणी वाहत होतं. डॉक्टर थरथरत म्हणाले, ‘काय हा मेला पाऊस!’ शेतकऱ्यानं बैलांच्या पाठीवरचं पाणी निपटलं आणि शांतपणे म्हणाला, ‘साहेब, पावसाला नावं ठेवू नका. दोन वर्षांनी आलाय.’

गाडी ढकलत आमच्या गॅरेजात आली. उस्तादांनी बॉनेट उघडलं आणि तेही हसत तेच म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, तो बरोबर बोलला. पाण्याचा यात अर्धाच गुन्हा आहे.’

या अर्ध्या गुन्ह्याची गोष्ट समजायची, तर मोटारीत ठिणगी कशी पडते ते बघावं लागेल. एस.टी. बसचं इंजिन डिझेलचं. त्यात हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. तिथं ठिणगीचा संबंध नाही, म्हणून पाणी उडालं तरी बिघडत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला मात्र प्रत्येक स्फोटासाठी विजेची ठिणगी लागते. बॅटरी देते बारा व्होल्ट. कॉइल त्याचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते. ही जबर वीज जाड वायरीतून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येते. टोपीखाली एक छोटा रोटर फिरत असतो, तो ही वीज पाळीपाळीनं चार प्लगांच्या चार वायरींत सोडतो. उस्ताद डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणत आणि आम्हा पोरांना तो कालव्याच्या भाषेत समजावून सांगत. ‘डेल्को म्हणजे दारं धरणारा गडी. पाट एक, वाफे चार. ज्याची पाळी त्याचं दार उघडायचं, बाकीची बंद. आता पाटाला कुठं उंदरानं बीळ पाडलं असेल, तर पाणी वाफ्यात जाईल का बिळात?’

वीजही तेच करते. प्लगच्या टोकांमधली फट उडी मारून ओलांडण्यापेक्षा तिला एखादी सोपी वाट सापडली, तर ती त्या वाटेनं इंजिनाच्या लोखंडात जिरते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांना मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. त्यातल्या काही चुकल्या की गाडी मिसिंग मारते, सगळ्या चुकल्या की बंद पडते.

ही वाट पाणी करून देतं, असं आपण समजतो. पण स्वच्छ पावसाचं पाणी हे विजेचं फार वाईट वाहक असतं. त्यात धूळ, क्षार, काजळी मिसळली की ते चांगलं वाहक बनतं. वळवाचे पहिले चार थेंब पडले की खेड्यात वीज जाते आणि मग धो-धो पावसात कधीकधी तीच वीज टिकून राहते, हे तुम्ही पाहिलं असेल. त्याचं एक कारण हेच आहे. आठ महिने तारांच्या चिनी मातीच्या चिमण्यांवर धूळ साठते. पहिल्या भुरभुरीत तिचा चिखल होतो आणि त्यातून वीज निसटते. मोठा पाऊस ती धूळ धुऊन काढतो. मोटारीच्या टोपीवरही नेमकं हेच घडतं. म्हणून मी म्हणालो की हा प्रश्न कोरड्या मुलखात अधिक कळतो. आमच्याकडं पाऊस कमी, पण धूळ वर्षभराची. माती आधीच बसलेली असते, पाणी फक्त शेवटची सही करतं.

मोटारीच्या जन्मापासून ही ठिणगी माणसाला छळत आली आहे. १८८६ साली कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं, तेव्हा सगळ्या अडचणींत मोठी अडचण ते ठिणगीचीच मानत. त्यांचे समकालीन गॉटलीब डाइमलर यांनी तर ठिणगी टाळून बर्नरवर तापवलेली लाल नळी वापरली होती. १९०२ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातले अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी जास्त दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग तयार केला आणि पेट्रोलच्या इंजिनाला भरवशाची ठिणगी मिळाली. पुढं अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जोडणी सिद्ध केली. १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांवर ती आली. त्यांच्या कंपनीचं नाव होतं डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. त्याचंच आद्याक्षरी रूप ‘डेल्को’. उस्तादांच्या तोंडचा शब्द समुद्रापलीकडच्या डेटन गावाहून आमच्या लिंबाखाली आला होता, हे मला फार उशिरा कळलं.

डिस्ट्रिब्युटरची टोपी बनायची बेकेलाइटची. लिओ बेकेलँड हे बेल्जियममध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत लाखेला पर्याय शोधत होते. विजेच्या सामानाला तेव्हा लाखेचा लेप लागे आणि लाख प्रामुख्यानं आपल्या हिंदुस्थानातून जायची. एका लहान किड्याच्या चिकावर जगाचा विजेचा धंदा अवलंबून होता म्हणा ना. १९०७ साली बेकेलँड यांनी कारखान्यात बनणारा पर्याय शोधला, तोच बेकेलाइट. कडक, उष्णता सोसणारा, वीज न जाऊ देणारा. पण त्यात एक खोड आहे. त्याच्या पृष्ठभागावरून एकदा वीज घसरली की तिथं केसाएवढी रेघ जळते आणि तिचा कोळसा होतो. कोळसा विजेचा वाहक. म्हणजे पाणी वाळून गेलं तरी वाट राहतेच. पुढच्या वेळी वीज त्या वाटेनं आणखी सहज जाते आणि रेघ आणखी पक्की होते.

डॉक्टरांच्या गाडीचं तेच झालं होतं. उस्तादांनी टोपी काढली, कोरड्या फडक्यानं पुसली, शेजारच्या चहावाल्याच्या चुलीजवळ उबेला ठेवली, वायरी पुसल्या, रोटर वाळवला. तासाभरात गाडी सुरू झाली. डॉक्टर खूश झाले आणि निघायची घाई करू लागले. उस्ताद म्हणाले, ‘अंधार पडू द्या.’ मग त्यांनी गॅरेजातला कंदील विझवला, बॉनेट उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि वायरींवर ओंजळीतून पाण्याचे चार थेंब शिंपडले.

तो देखावा मी कधी विसरणार नाही. काळोखात त्या वायरींवर निळ्या कोळ्यांसारख्या ठिणग्या धावत होत्या. एक टोपीच्या कडेवरून घसरत होती, एक दोन वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या तिथून उडी मारत होती, एक वायरीच्या सोललेल्या कातड्यातून बॉनेटच्या दांडीवर पडत होती. उस्ताद म्हणाले, ‘बघा, ही सगळी बिळं. पाऊस नव्हता तेव्हाही होती. दुष्काळात दिसली नाहीत एवढंच.’

या वाक्याला इंग्लंडच्या मोटारींच्या इतिहासात एक मोठा दाखला आहे, तो मला पुढं वाचनात सापडला. ऑगस्ट १९५९ मध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांची प्रसिद्ध मिनी गाडी बाजारात आली. जागा वाचवण्यासाठी तिचं इंजिन आडवं बसवलेलं होतं. चाचणीच्या गाड्यांत कार्बोरेटर पुढच्या बाजूला होता आणि थंडीत तो गोठे, म्हणून इंजिन उलटं फिरवलं, असं सांगतात. कार्बोरेटर मागं सुरक्षित गेला, पण डिस्ट्रिब्युटर आला थेट पुढच्या जाळीमागं, पावसाच्या तोंडावर. योगायोग असा, की त्या साली तिथला उन्हाळा विलक्षण कोरडा गेला. पावसाळी दिवस आल्यावर गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या. कुणाच्या पायाखालच्या गालिच्यात पाणी साचे, तर कुणाचं इंजिन भर रस्त्यात गप्प होई. म्हणजे कोरडा उन्हाळा तिथल्या कारखान्यालाही फसवून गेला होता.

पुढं कंपनीनं पाणी अडवणाऱ्या ढाली बसवल्या. पण लोकांनी शोधलेला उपाय जास्त गाजला. भांडी घासायचा रबरी हातमोजा घ्यायचा, त्याच्या बोटांची टोकं कापायची आणि तो डिस्ट्रिब्युटरवर चढवायचा. चार वायरी प्लगांच्या आणि एक कॉइलची, अशा पाच वायरी पाच बोटांतून बाहेर. जणू देवानं माणसाचा हात चार सिलिंडरच्या इंजिनाकडं बघूनच घडवला होता! याच मिनीच्या कूपर आवृत्तीनं १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली.

या शास्त्राची खरी शाळा मात्र युद्धात भरली. विमानं जसजशी उंच जाऊ लागली, तसतशी विरळ आणि दमट हवेत त्यांच्या इंजिनांची वीज बाहेर झिरपू लागली. त्यावर सिलिकॉनचं एक ग्रीससारखं मलम निघालं. १९४३ साली स्थापन झालेल्या डाऊ कॉर्निंग कंपनीचं ते पहिलंवहिलं उत्पादन. आज प्लगच्या रबरी टोपणात मेकॅनिक जे पांढरं मलम लावतात, ते त्याचंच वंशज. ६ जून १९४४ रोजी दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा समुद्राच्या पाण्यातून चालवत न्यायच्या हजारो गाड्यांची वीजयंत्रणा आधी लेप देऊन बंद केली होती आणि हवेच्या व धुराच्या नळ्या उंच उभ्या केल्या होत्या. १९५० साली आलेल्या अमेरिकन एम-३८ जीपला तर कारखान्यातूनच जलरोधक, चोवीस व्होल्टची यंत्रणा मिळाली. उस्तादांनी ब्रह्मदेशच्या चिखलात जे हातानं केलं, ते पुढं कारखान्यात व्हायला लागलं.

मग ही सोय डॉक्टरांच्या स्पोर्ट्स कारला का नव्हती? त्याला कारण आहे. स्पोर्ट्स कार ही उन्हाची गाडी. जमिनीलगत बसलेली, वजन कमी करण्यासाठी खालचे चिखलरोधक पत्रे काढलेले, इंजिन थंड राहावं म्हणून बॉनेटला खाचा पाडलेल्या. त्या खाचांतून वारा जातो तसं पाणीही जातं. शिवाय अशा इंजिनात मिश्रण जास्त दाबलेलं असतं. दाबलेल्या मिश्रणात ठिणगी पाडायला वीजही जास्त जोराची लागते आणि जितका जोर जास्त, तितकी ती पळवाट लवकर शोधते. वर रेडिएटरचा पंखा. गाडी पाण्यात शिरली की तो पाणी उचलून नेमकं डिस्ट्रिब्युटरवर फवारतो.

सुटे भाग मिळायचे तर तेही नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली सरकारनं पूर्ण तयार मोटारींची आयात बंद केली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर, इथं भाग बनवायला तयार नसलेल्या परदेशी कंपन्यांनी मुंबईतली जोडणी आवरती घेतली. उरल्या त्या देशी कारखान्यांच्या गाड्या. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आमच्याकडून नीरा ओलांडली की त्यांच्याच नावाचं वालचंदनगर लागतं. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातल्या फियाटचा डेल्को हव्या त्या दुकानात मिळे. पण विलायती स्पोर्ट्स कारची टोपी? या गाड्या देशात येत त्या बहुधा वकिलातींच्या वापरलेल्या, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेलेल्या. त्यांचा एकेक भाग म्हणजे सोनं. मोडलं तर जोडायचं, एवढाच मार्ग.

उस्तादांनी त्या रात्री जोडलं. सकाळी उजेडात टोपीच्या आतली कोळशाची रेघ शोधली. पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक. सुरीच्या टोकानं ती पूर्ण खरवडून काढली. सुताराकडून चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश आणलं आणि त्या खरवडीवर दोन हात दिले. लाखेला पर्याय म्हणून जन्मलेला बेकेलाइट नातेपुत्यात शेवटी लाखेनंच सांधला गेला! सोललेल्या वायरीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मोज्यासारखा चढवला. चारी प्लगांच्या टोपणांनाही तसेच मोजे. वायरी एकमेकींना आणि लोखंडाला लागणार नाहीत अशा दोऱ्यानं बांधल्या. रेडिएटर आणि डिस्ट्रिब्युटर यांच्यामध्ये मेणकापडाचा एक पडदा लावला.

शेवटी टोपीवर घालायला रबरी पिशवी शिवली. डॉक्टर म्हणाले, ‘खालून पण घट्ट बांधा, म्हणजे पाणी जायलाच नको.’ उस्तादांनी नकार दिला. डिस्ट्रिब्युटरच्या आत सतत ठिणग्या उडतात, त्यातून ओझोनसारखे तिखट वायू निघतात, शिवाय गरम इंजिन गार झालं की आत दव धरतं. सगळं बंद केलं तर तो आतल्या आतच भिजतो आणि गंजतो. उस्ताद हे असं बोलले नाहीत. त्यांनी रस्त्याकडं बोट केलं आणि म्हणाले, ‘वारीतल्या माणसाची घोंगड्याची खोळ बघितली का? डोक्यावर बंद, पायाशी मोकळी. पाणी वरून अडवायचं, वाफ खालून जाऊ द्यायची.’

या सगळ्याला दोन सूचनांची जोड होती. पाण्यात जायचंच झालं तर आधी पंख्याचा पट्टा ढिला करायचा, म्हणजे पंखा पाणी फवारणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे पावसाळ्यापूर्वी दर साल मृगाच्या आधी कोरड्या फडक्यानं टोपी आणि वायरी पुसायच्या व रात्री काळोखात एकदा इंजिन चालवून बघायचं. म्हणजे उपाय पाऊस आल्यावरचा नव्हता, पाऊस येण्याआधीचा होता.

डॉक्टर गेले. दोन-एक महिन्यांनी पोस्टानं एक पुडकं आलं. त्यांना कुणीतरी विलायतेहून नवी टोपी आणून दिली होती. जुनी, लाखेनं सांधलेली टोपी त्यांनी उस्तादांना पाठवली होती. सोबत चिठ्ठी होती की ही तुमची वस्तू आहे, सगळा पावसाळा हिनं एक ठिणगी चुकवली नाही. आज ती टोपी माझ्या टेबलावर आहे.

पुढं मी याच धंद्यात पडलो आणि ठिणगीचं जग माझ्या डोळ्यांदेखत बदललं. १९७० च्या दशकात परदेशात पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. आपल्याकडं २००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले, तसे कार्बोरेटर गेले आणि त्यांच्यामागून डिस्ट्रिब्युटरही गेला. आता बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची छोटी कॉइल बसलेली असते, रबरानं पूर्ण झाकलेली. लांब वायरी नाहीत, टोपी नाही, दारं धरणारा गडीही नाही. कुर्ल्याच्या त्या फियाटचं पुढं प्रीमियर पद्मिनी झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सीही निवृत्त झाली. आजच्या चालकाला ‘पावसात गाडी मिसिंग मारते’ या तक्रारीचा अर्थही समजावून सांगावा लागतो.

मला याचा आनंद आहे, पण त्यात एक काळजीही आहे. जुनी गाडी भित्री होती. चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी आलं की ती आचके द्यायची, कुरकुरायची. काठावरच बंद पडली, तर तो भित्रेपणा जीव वाचवायचा. आजची गाडी कुरकुरत नाही. ठिणगी शाबूत असते, त्यामुळे चालक पुढं पुढं जातो. मग पाणी पोचतं ते हवा ओढणाऱ्या नळीपर्यंत. इंजिन हवेऐवजी पाणी पिऊन घेतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओली टोपी चुलीच्या उबेला तासाभरात वाळत होती, वाकलेला रॉड वाळत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणं म्हणजे उरलंसुरलं इंजिनही मोडणं.

आणि इंजिन तर बाजूलाच राहू द्या. वाहतं पाणी फूटभर खोल असलं तरी लहान मोटार उचलली जाऊ शकते. दोन फुटांत बहुतेक मोटारी वाहून जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत काही माणसं बंद गाड्यांत अडकून दगावली. ऑक्टोबर २०२० मध्ये आमच्या सोलापूर जिल्ह्यातही अतिवृष्टीनं ओढे-नाले रस्त्यांवर आले. तेव्हा पाण्यातून काढलेल्या गाड्या मी उघडून बघितल्या. त्यांच्या प्लगवर ठिणगी झकास पडत होती, आतले रॉड वाकलेले होते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या ओळखीचा एक तरुण नवी गाडी घेऊन त्याच ओढ्याकडं निघाला होता. मी म्हणालो, ‘अरे, पाणी वाढलंय.’ तो म्हणाला, ‘काका, आता सगळं सीलबंद असतं.’ मी त्याला बॉनेट उघडायला लावलं आणि विचारलं, ‘तुझी गाडी श्वास कुठून घेते ते दाखव.’ त्याला नळी शोधायला पाच मिनिटं लागली. ती बंपरच्या थोडी वर होती. त्यानं एकदा नळीकडं बघितलं, एकदा ओढ्याकडं, आणि गाडी माघारी वळवली. ओढा दोन तासांनी उतरला, मग तो गेला.

संध्याकाळी टेबलावरची ती टोपी मी त्याला दाखवली. उजेडात धरली की लाखेचा डाग अजून तांबूस चमकतो. तो हातात फिरवत म्हणाला, ‘काका, एवढीशी रेघ?’ बाहेर पाऊस चालूच होता. म्हातारी माणसं ओट्यावर बसून त्याच्याकडं कौतुकानं बघत होती.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)